आमच्या हॉलातली हर्षा

माझ्या नवऱ्याला कसलंही व्यसन नाही, असं पेडण्याजवळच्या आमच्या पार्शे गावात सगळे सांगतात. विडी नाही, फेणी नाही, पत्ते नाहीत. शेजारची ऋतिका तर तोंडावर म्हणते, "नंदाकाकी, तुमचं नशीब बघा, काका कसे शांत घरात बसून गाणी ऐकतात." मी हसते. काय सांगू तिला? की बाय, काका हॉलात एकटे बसत नाहीत, सोबत हर्षा असते.

हर्षा म्हणजे हळर्ण गावची एक मुलगी. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी तिथल्या देवळाच्या उत्सवात ती एक गौळण गायली. आमचे हे, म्हणजे अविनाश, तेव्हा पेडण्याच्या कचेरीत नुकते कारकून लागले होते आणि एक कॅसेट रेकॉर्डर खांद्याला लटकावून देवळादेवळांतून फिरत होते. मंडपात पुढे बसून त्यांनी तिची गौळण भरून घेतली. पुढे माझ्याशी लग्न केलं तेव्हा ती कॅसेट घरात आधीच होती. दोघांत काही नव्हतं. एकमेकांशी बोललेसुद्धा नाहीत, हे मी खोदून खोदून विचारून घेतलंय. ती लग्न होऊन कुठेतरी गेली, एवढंच त्यांना ठाऊक. काही घडलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गौळण गाणाऱ्या पोरीशी भांडायचं कसं?

बरं, गाणं आवडतं म्हणून ऐकतात असंही नाही म्हणे. या आवाजाच्या नादी लागलेल्या माणसांची एक रीत असते. नवीन काही जोडलं, वायर बदलली, स्पीकर वीतभर सरकवला, की दर वेळी एकच गाणं लावून बघायचं. ज्याचा श्वास न् श्वास पाठ आहे असं. म्हणजे काय सुधारलं आणि काय बिघडलं ते लगेच कळतं. जगात गाण्यांना काय तोटा? पण ह्यांना सापडलं ते तिचंच. काही बोलायला जावं तर म्हणणार, "अगो, मी हर्षाला ऐकत नाही, अॅम्प्लिफायर ऐकतो." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिला अॅम्प म्हापशाच्या एका माणसाने जोडून दिलेला होता. पत्र्याचा डबा, पुढे दोन गोल बटणं. लावला की आधी नुसती घूं अशी घरघर, आणि तिच्या मागून, पलीकडच्या वाड्यावरून यावी तशी, हर्षा गायची. ती तेवढी लांब होती तोवर मला तिचा त्रास नव्हता. दुसरा आला तो मोरजीहून. तिथे वर्षानुवर्षं राहिलेला एक जर्मन म्हातारा घर आवरून आपल्या देशी निघाला होता, त्याचा हा जपानी अॅम्प. तो घरात आला आणि बाई आमच्या पुढल्या दारच्या बल्कांवापर्यंत पोचली. पेटी वेगळी, तबला वेगळा कळायला लागला. ह्यांनी मला हाक मारली. "नंदा, ये गो, ऐक. उजवीकडे पेटी, डावीकडे तबला, आणि बरोब्बर मधे ती."

मी मधे बघितलं. तिथे माझं शोकेस होतं, माहेरून आलेलं. दुसऱ्या दिवशी ते आतल्या खोलीत गेलं, कारण त्याच्या काचांवरून आवाज उडतो म्हणे. मग जनेलांना जाड पडदे आले. सोफा भिंतीला गेला आणि खोलीच्या मध्यावर एक खुर्ची आली. एकच. त्या जागेवरूनच दोन्ही स्पीकरांचा आवाज सारखा पोचतो, जरा इकडेतिकडे झालं की बिघडलं. मला तिथे बसवलंच नाही असं नाही. एकदा बसवलं, आणि बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आता हिला रडू येईल, मग रडू येईल अशा आशेने. मी म्हटलं, "भात लागेल," आणि उठले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

पण एक वाक्य त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. "ही हर्षा कधी भेटली ना, तर तिला ह्या खुर्चीत बसवून ऐकवीन. आपण काय गायलो ते तिला ठाऊकच नसेल." हे बोलताना त्यांचा चेहरा असा होतो की मला बघवत नाही. माझ्या दोन बाळंतपणांतसुद्धा तसा झाला नव्हता. ती खरंच भेटली तर काय होईल, ही भीती मी लग्नाची सगळी वर्षं पोटात घेऊन फिरले. ह्यांच्याजवळ जे थोडंफार आहे ते सगळं ती खुर्चीत बसून घेऊन जाईल, आणि मला उरतील जेवणाची ताटं.

हेवा म्हणजे काय ते मला विचारा. खरीखुरी सवत असती तर ती माझ्यासारखी जाड झाली असती, तिचे गुडघे दुखले असते, केस पिकले असते. ही मेली अजून एकोणीस वर्षांचीच. मी साठी ओलांडली आणि हिचा आवाज दर अॅम्पागणिक आणखी कोवळा होत चाललेला. आणि तो कोवळा व्हावा म्हणून राबायचं मी. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून ह्यांनी मागल्या दारी खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग करून घेतलंय. ते ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर घरघर वाढते. म्हणजे सकाळी तुळशीला पाणी घालायचं आणि उरलेली कळशी नेऊन हर्षाच्या खड्ड्यात ओतायची. घरात दुसरं कोण आहे ओतायला?

हे सगळं मी सांगायची कुणाला? मुली लग्न होऊन लांब. ऋतिकेला सांगितलं तर दुपारपर्यंत पोदेरसुद्धा पावाचे उंडे देताना विचारायचा. मी सांगायची पद्माबायला.

पद्माबाय डिचोलीची. बसस्टँडकडून बाजारात शिरलं की एका जिन्याखाली तिचं शिवणाचं दुकान. एक मशीन, कापायचं मेज, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. माझी नोकरीतली शेवटची वर्षं डिचोली तालुक्यातल्या शाळेत गेली, तेव्हापासून माझे ब्लाउज तिच्याकडे. आता निवृत्त झाले तरी मी बस बदलत बदलत तिच्याकडेच जाते. हे म्हणतात, "पेडण्यात शिंपी मेले का?" मेले नाहीत. पण पेडण्यात पद्माबाय नाही.

वयाने माझ्याच बरोबरीची. नवऱ्याचा खाणीवर खनिज वाहणारा टिपर होता. खाणी बंद पडल्या तसा टिपर अंगणात येऊन उभा राहिला तो गंजूनच गेला, आणि घर हिच्या मशीनवर आलं. त्याबद्दल कधी रडगाणं नाही. मुलगा वेर्ण्याला कामाला, सून बरी, नवरा दिवसभर टीव्हीसमोर. मधे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज पार घोगरा झालेला. दोन वाक्यं बोलली की थांबायची, पाणी प्यायची. तशीही ती कमीच बोलायची, कारण ओठांत सतत टाचण्या. कापड मेजावर पसरायची, खडूने खुणा करायची, टाचण्या डबीत टाकायची, दोनदा घसा साफ करायची आणि "हां, आतां" असं स्वतःशीच म्हणून कात्री लावायची. तो "आतां" जरा लांबवायची, शेवटी किंचित हसल्यासारखं. दुकानातल्या पंख्याच्या आवाजाइतकं ते मला सवयीचं झालं होतं.

मी स्टुलावर बसले की सुरू. आज काय केलं त्या हर्षाने, कसा माझा सोफा हलवला, कसं माझं शोकेस गेलं. पद्माबाय मान खाली घालून ऐकायची. कधी कधी मशीनवरचा पाय थांबवून विचारायची, "मग गो? तान घेते म्हणतेस, ती कशी घेते?"

"कशी म्हणजे? वर वर चढते टवळी. वाटतं, आता पडली, आता तोंडघशी पडली. आणि पडत नाही. तिथून हसत हसत खाली उतरते, आपल्याला वाकुल्या दाखवत."

"पडत नाही?"

"इतकी वर्षं वाट बघतेय मी."

यावर पद्माबाय जरा हसायची आणि पुन्हा पाय चालवायची. मला बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचं आहे, असं वाटायचं. शिव्या देऊन मोकळी झाले की मी परतीची बस धरायची आणि पुढचा ब्लाउज होईपर्यंत पोटातलं पोटात ठेवायची.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांनी पुन्हा नव्या अॅम्पचं काढलं. म्हापशाचा रुद्रेश म्हणून एक आहे, तो असले अॅम्प स्वतः बनवतो. तो घरी आला, खुर्चीत बसला, ऐकलं आणि म्हणाला, "काका, स्पीकर तुमचे फर्स्टक्लास. पण त्यांना ओढायला ह्या अॅम्पात दम नाही. लहान बैलाला मोठी गाडी जुंपलीय तुम्ही." मग बोलणी झाली, फोन झाले, आणि एक दिवस दोन खोकी आली. एक पातळ, आवाज कमीजास्त करायला. दुसरं नुसतं ताकदीचं, रगड्याएवढं जड. रुद्रेश आणि हे, दोघांनी मिळून ते हॉलात आणलं. मी विचारलं, आवाज अजून किती मोठा करायचाय, शेजारी राहू द्यायचे आहेत ना? रुद्रेश हसून म्हणाला, "काकी, मोठा करायचा नाही. मागे ताकद भरपूर असली की बारीक आवाज सुटे होतात. इतके दिवस जे दबून गेलं होतं ते वर येतं."

तो गेला. ह्यांनी हातपाय धुतले, देवाला दाखवायला निघाल्यासारखा स्वच्छ शर्ट घातला आणि खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात रवा चाळत उभी होते. बटण दाबलं आणि काहीच नाही. घरघर नाही, घूं नाही. मला वाटलं, आणल्या आणल्या बिघडला, बरं झालं. तेवढ्यात मंडप ऐकू आला. गाणं नव्हे, गाण्याच्या आधीचं. कोणीतरी सतरंजी ओढली, एक पोर खोकलं, पेटीवाल्याने भाता दोनदा उघडमिट केला. हे इतकी वर्षं घरघरीच्या खाली गाडलेलं होतं. आणि मग माइकपासून जरा लांब, एका मुलीने दोनदा घसा साफ केला आणि स्वतःशीच म्हणाली, "हां, आतां."

शेवटी किंचित हसली.

माझ्या हातातली चाळण जमिनीवर आली, रवा सगळीकडे. ह्यांना पत्ता नाही. ते डोळे पुसत होते. "ऐकलंस? ती बोलली. इतकी वर्षं ऐकतोय, ती गाण्याआधी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं." त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा घसा, पुन्हा "हां, आतां." आवाज पोरीचा, कोवळा, आणि तरी तीच लांबण, तेच हसणं. मी गुडघे टेकून रवा गोळा करत होते. ह्यांना नव्हतं ठाऊक. मी ते दर ब्लाउजाला ऐकत होते.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं एका बाईकडे जातेस आणि तुला कळलं नाही? कसं कळणार? आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरची मुलगी संपली. मी स्वतः माहेरची गौरवी. नंदा झाले पार्शात येऊन. आता मला गौरवी म्हणून हाक मारणारं कोणी जिवंत नाही. असं असून मी वेडी चाळीस वर्षं "हर्षा, हर्षा" करत बसले, आणि कुठल्या तरी घरात ह्या नावाची म्हातारी असेल असं मनात धरलं. ती भेटेल तेव्हा हर्षा म्हणूनच भेटेल, असं मलाही वाटत होतं आणि ह्यांनाही. माहेर कुठलं म्हणून मी पद्माबायला एकदा विचारलं होतं. "पेडण्याकडचं," एवढंच ती म्हणाली होती. पेडण्याकडे गावं काय कमी आहेत?

पुढचे काही दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आधी नुसता संताप. तिच्याच तोंडावर मी तिला शिव्या घालत होते आणि ती टाचण्या चावत मजा बघत होती. माझ्या घरातली इत्थंभूत बातमी तिला, ह्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचीसुद्धा. आणि मग भीती. मी तोंडातून एक शब्द काढला तर हे चपला न घालता डिचोलीला पोचतील. ती माझ्या हॉलात येईल. खुर्चीत बसेल. आणि वर माझा एकुलता एक जिव्हाळ्याचा माणूसही जाईल, कारण तोच तर ती आहे. हॉलात ते गाणं वाजत होतं, दिवसातून दोनदा, आणि मी तुळशीला पाणी घालताना खड्ड्याकडे बघत नव्हते. त्याला पाणी घातलं नाही. घरघर येऊ दे, असं मनापासून वाटत होतं.

शेवटी राहवेना. गेले डिचोलीला. दुकानात कोणी नव्हतं. मी स्टुलावर बसले नाही.

"हळर्णची हर्षा कोण गो?" मी विचारलं.

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. घाई नाही, घाबरणं नाही. "कळलं तुला?" ती म्हणाली.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्याच खेपेपासून. तू हळर्ण म्हणालीस, गौळण म्हणालीस, नाव घेतलंस. आणखी काय राहिलं?"

"आणि गप्प बसलीस. मी काय काय नाही बोलले. मेली म्हटलं, टवळी म्हटलं."

"म्हटलंस."

"मजा बघत होतीस माझी?"

ती पाणी प्यायली. मग थांबत थांबत बोलली, कारण तिला एका दमात बोलता येत नाही. "मजा कसली, नंदाबाय. लग्न होऊन इथे आले, तांदळांत पद्मावती लिहिलं. सासू म्हणाली, आमच्यात बायका लोकांसमोर गात नाहीत. वाईट नव्हती ती. एकदाच म्हणाली. मग पोरं झाली, मग हे मशीन. माझ्या मुलाला ठाऊक नाही मी गात होते. नवऱ्याला सांगितलं होतं, तो विसरला. मग गळ्यावर सुरी फिरली आणि मलाही खोटंच वाटायला लागलं. आणि तू यायचीस. स्टुलावर बसून मला सांगायचीस, मेली अशी वर चढते, वाटतं पडली आणि पडत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "दुसरं कोण सांगणार होतं मला?"

मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीसुद्धा. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. माझ्या शिव्यासुद्धा हिने माझ्या ठेवल्या नाहीत. त्यांतूनही आपली वाहवा काढून घेतली. असलं नशीब घेऊन येतात काही माणसं.

"एकदा ऐकव मला," ती म्हणाली.

नाही म्हणावं असं ओठावर होतं. "शुक्रवारी ये," मी म्हटलं. "शुक्रवारी हे म्हापशाच्या बाजाराला जातात. दुपारपर्यंत येत नाहीत."

तिने खडू मेजावर ठेवला. "बरं," म्हणाली.

शुक्रवारी हे पिशव्या घेऊन गेले आणि तासाभराने ती आली. नेसून आली होती चांगलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, लग्नाला निघाल्यासारखी. मी चहा केला. तो तसाच राहिला. हॉलात तिने स्पीकर बघितले, पडदे बघितले, आणि सोफ्याकडे वळली. मी म्हटलं, "तिथे नको. खुर्चीत बस." माझ्याच तोंडून आलं ते. इतकी वर्षं ज्या खुर्चीची भीती घातली होती स्वतःला, तिच्यात हर्षाला मीच हाताला धरून बसवलं. अॅम्पला मी कधी हात लावला नव्हता, पण बघून बघून सगळं पाठ होतं.

घसा साफ केलेला ऐकला आणि ती दचकली. "हां, आतां" ऐकलं आणि तिने लुगड्याचा पदर तोंडाशी घेतला. मग गाणं सुरू झालं. ती हलली नाही. मांडीवर एक अंगठा तेवढा ताल धरून होता. एकदा म्हणाली, "पेटीवर आमचा मामा." एकदा म्हणाली, "ही मी नव्हे गो." तान वर चढायला लागली तशी तिने खुर्चीचे हात गच्च धरले. चढली, पडली नाही, उतरली. पद्माबायच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा झाला होता, की मी ओळखला. ह्यांचा होतो तसा नव्हे. आरशात माझा दिसतो तसा. तीही त्या पोरीचा हेवाच करत होती.

मी दाराला टेकून बघत होते. माझ्याच हॉलात आता दोन हर्षा, आणि मी दाराला.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाजारात गर्दी जास्त म्हणून हे लवकर परतले होते. पिशव्या बल्कांवावर टाकून धावतच आत आले. "अॅम्प कोणी लावला?"

मी दारातून पुढे झाले. "मी लावला. ही पद्माबाय. माझे ब्लाउज शिवते, डिचोलीची."

ती उठायला लागली. "बसा, बसा," हे म्हणाले, कारण माणूस वाईट नाही. पाहुणा खुर्चीत बसून गाणं ऐकतो आहे म्हटल्यावर तर राग पळूनच गेला. "आवडलं?"

"बरं आहे," पद्माबाय म्हणाली, आपल्या घोगऱ्या आवाजात.

"बरं? बाई, असा गळा आता ऐकायला मिळत नाही. हर्षा म्हणून मुलगी होती, हळर्णची. कुठे गेली कोण जाणे. थांबा, पहिल्यापासून लावतो, नीट ऐका." आणि तिच्या बाजूला उभं राहून, तिला बोटांनी दाखवत, इथे बघा, आता बघा करत, ह्यांनी तिला तिचंच गाणं ऐकवलं. अधेमधे तिचे ओठ हलत होते. एका जागी राहवलं नाही आणि ती हळूच बरोबर गुणगुणली. नुसता खरखरता श्वास. ह्यांनी कपाळाला आठी घातली आणि आवाज एक घर वाढवला.

गाणं संपलं. तिने डोळे पुसले, दोनदा घसा साफ केला. "हां, आतां जाते," म्हणाली. शेवटी किंचित हसली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते वाकून अॅम्पवर हात ठेवून तो किती तापलाय ते बघत होते. "या हां पुन्हा," म्हणाले, वर न बघता.

मी तिला कुंकू लावलं, नारळाने ओटी भरली, फाटकापर्यंत गेले. "त्यांना सांगशील?" तिने विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिने ओटीचा नारळ पदरात नीट धरला. "निळा ब्लाउज बुधवारी ने," म्हणाली आणि बसच्या रस्त्याला लागली.

दुपारी जेवायला बसलो. बांगड्याचं हुमण केलं होतं. हे दोन घास जेवले आणि म्हणाले, "तुझी ती शिंपीण माणूस बरी दिसते. पण आवाज केवढा वाईट गो. आतला कागद फाटलेल्या स्पीकरासारखा. ती मधेच गुणगुणली ना, मला तर सगळं बंद करून टाकावंसं वाटलं."

याच वाक्यासाठी मी चाळीस वर्षं जळले होते. हर्षाचा आवाज वाईट, असं ह्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं. म्हटलं, माझ्या ताटासमोर बसून म्हटलं. आणि मला त्याचं काहीच बरं वाटलं नाही. उठून त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं आणि सांगावं, अहो, तीच ती, तुमच्या खुर्चीत बसून गेली, तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत, असं जिभेवर आलं. सांगितलं असतं तर ते हात न धुता बसमागे धावले असते.

नाही सांगितलं. त्यांची हर्षा त्यांच्याजवळ आहे, तिथे हॉलात, एकोणीस वर्षांची. पद्माबाय माझी आहे. ती मी कोणाला देणार नाही, त्यांना तर नाहीच.

"गाणं चालू असताना तरी आणू नकोस तिला," हे म्हणाले.

"बरं," मी म्हटलं आणि त्यांच्या भातावर आणखी हुमण वाढलं.